पहिल्या हाकेला ओ देणारे सर

कापगते सरांना हाक पूर्ण मारावी लागत नाही. तुम्ही 'काप' एवढं म्हणेस्तोवर पलीकडून "ओ, आलो!" येतं आणि पाठोपाठ सर स्वतः येतात, हातात खडू आणि एकाच पायात चप्पल. दुसरी वाटेत कुठेतरी राहिलेली असते. हाक त्यांनाच मारलेली असावी, अशीही त्यांची अट नाही. मुख्याध्यापकांनी शिपायाला बोलावलं की सर हजर. मैदानावर पोरं एकमेकांच्या नावानं ओरडली की खिडकीतून सरांचं डोकं बाहेर. एकदा साकोलीहून येताना एसटी थांब्यावर उभी असताना शेतातून कोणीतरी ओरडलं. सर "ओ!" म्हणून उतरले आणि गाडी निघून गेली. तो माणूस आपल्या बैलावर ओरडत होता. सर उरलेला रस्ता पायी आले आणि मुख्याध्यापकांना म्हणाले, "उशीर झाला सर, पन खात्री करून घेतली. बैलच होता."

मोबाइल आल्यापासून तर त्यांचे फारच हाल आहेत. एकही मिस्ड कॉल ते सोडत नाहीत. नवीन कॉलर ट्यून घ्या म्हणून सांगणाऱ्या रेकॉर्ड केलेल्या बाईचं सगळं बोलणं ते शेवटपर्यंत ऐकून घेतात आणि वर विचारतात, "बरं बाई, आनखी काही?" राँग नंबर लागला तर माफी हेच मागतात.

मी याच शाळेत विज्ञान शिकवते. रोज साकोलीहून एसटीने येते, पोरं मला हटवार मॅडम म्हणतात. माझा भुताखेतांवर विश्वास नाही. भीती वाटते, ती गोष्ट वेगळी.

आणि सरांचं ते ओ देणं भीती वाटावी असंच होतं. आमच्या या भागात, सानगडीपासून पार लाखांदूरपर्यंत कुठल्याही गावात जा, एक गोष्ट तान्ह्या लेकरालाही शिकवलेली असते. दिवेलागणीनंतर कोणी नाव घेऊन हाक मारली, तर पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही. दुसरीलाही नाही. माणूस असेल तर तो तिसऱ्यांदा हाक मारतो. दुसरं काही असेल तर त्याला तिसरी हाक मारता येत नाही. म्हणून इथले लोक संध्याकाळी हाक आली की जागच्या जागी थिजतात आणि तिसरीची वाट पाहतात. माझ्या सासूबाई तर मी फाटकातून दोनदा ओरडले तरी दार उघडत नाहीत. अशा मुलखात एकटे कापगते सर पहिल्याच हाकेला उठून चालू लागतात, उजेड असो की अंधार. त्यांचं एक ठरलेलं वाक्य आहे. "देनाऱ्यानं तीनदा द्यावी, घेनाऱ्यानं पहिलीच घ्यावी." स्वतः मात्र कोणाला बोलवायचं झालं तर मोजून तीनदा हाक मारतात, समोर बसलेल्यालासुद्धा.

कधीकधी कोणीच हाक मारलेली नसते. मधल्या सुट्टीत आम्ही डबे उघडून बसलेलो असतो. सरांचा घास हातातच थांबतो. ते मागच्या खिडकीकडे बघतात. तिकडे शाळेची भिंत संपते आणि बोडी सुरू होते, म्हणजे आमचा लहानसा तलाव. "ओ," ते हळूच म्हणतात. आम्ही सगळे चावायचे थांबतो. बाहेर पाणी असतं, कमळाची पानं असतात, आणि काही नसतं. मग सर पुन्हा डब्यात हात घालतात आणि म्हणतात, "भरीत मस्त झालं बाप्पा." त्यानंतर ते भरीत आमच्या घशाखाली उतरत नाही.

सरांनी लग्न केलं नाही. बोडीच्या काठाला दोन खोल्यांचं घर आहे, आणि त्याचं मागचं दार ते थंडीतही उघडं ठेवतात. का, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, "दार लावलं तं बाहेरचं कमी ऐकू येते ना मॅडम." एवढं सरळ उत्तर मिळाल्यावर पुढे काय विचारणार?

तर हे कापगते सर नववीला मराठी शिकवतात. म्हणजे पाठाखालचे प्रश्न सोडवून घेतात, असा तुमचा समज झाला असेल तर तो काढून टाका. त्यांच्या वर्गात फळ्याजवळ एक खुर्ची आहे. लाल रेक्झिनची, उंच पाठीची, हाताच्या टोकांना सिंहाची तोंडं. दिवाळीनंतर मंडईच्या, म्हणजे जत्रेच्या, दिवसांत गावात नाटक घेऊन आलेली एक मंडळी ती इथेच विसरून गेली. त्या नाटकात तिच्यावर जो बसे तो तिसऱ्या अंकात मरे. आमचा शिपाई बळीराम ती खुर्ची सोडून बाकीचा वर्ग झाडतो. एकदा मी तिच्यावर माझी पर्स ठेवली, तर अख्ख्या वर्गानं पर्सला विचारलं, "कोन तू?"

तीच त्यांची रीत आहे. पाठ वाचून झाला की एक पोरगा किंवा पोरगी चपला काढून त्या खुर्चीवर बसते. वर्ग विचारतो, "कोन तू?" बसलेल्यानं आपलं नाव सांगायचं नाही, पाठातल्या माणसाचं सांगायचं. मग प्रश्न सुरू. तू असं काहून केलं? खरं काहून नाही सांगितलं? तुह्या जागी दुसरा असता तं? पुस्तकात उत्तर नसेल तरी खुर्चीवरच्यानं उत्तर द्यायचं, आणि खोटं बोलायचं नाही. वाटतं पोरखेळ. पण एकदा नितेश नावाचा वर्गातला सगळ्यात वात्रट पोरगा, मित्राची चोरी लपवणाऱ्या मुलाच्या जागी बसला. आधी सिंहाच्या तोंडात बोट घालून हसवत होता. पाचेक प्रश्नांनंतर त्याचा आवाज बदलला. "मी सांगतलं असतं तं माह्यासंग खेळाले कोनीच उरलं नसतं," तो म्हणाला, आणि हुंदका देऊन रडला. पाठात असं वाक्य नव्हतं. मी व्हरांड्यातून जाता जाता थांबले होते. वर्गात एक पोर हललं नाही.

मग सर पुढे झाले. माठातलं पाणी पेल्यात घेतलं आणि विचारलं, "कोन तू?" यावेळी स्वतःचं नाव सांगायचं असतं, आईच्या आणि बापाच्या नावासकट. पोरानं सांगितलं, पाणी प्यायलं. सर म्हणाले, "जा, घरी जा."

गंमत म्हणजे नितेश दप्तर घेऊन खरंच घरी निघाला. दुसरा तास चालू होता! सरांनी त्याला तीन हाका मारून परत बोलावलं. "अरे बेट्या, घर म्हंजे तू. आपल्यात जा अन् बस जाग्यावर." तेव्हापासून शाळेत ते सगळ्यांच्या तोंडी आहे. नाव सांग, पाणी पी, घरी जा. गणित चुकलं तरी पोरं एकमेकांना हेच म्हणतात. सरांचा मात्र तो विनोद नाही. नाव सांगून, पाणी पिऊन उतरल्याशिवाय त्यांनी कोणालाही कधी खुर्चीवरून सोडलं नाही.

एकदा सोडून.

धान कापून झालं की सकाळी बोडीवर धुकं बसायला लागतं. त्या दिवसांत सर दरवर्षी एक गोष्ट सांगतात. "पुस्तकातली नाही, म्हून नीट आयका." माझा आठवीचा वर्ग शेजारी, मधे प्लायवूडची भिंत, त्यामुळे मीही ती दरवर्षी ऐकते. चुलबंद नदीवर पूल नव्हता तेव्हाची गोष्ट. घाटावर होडीसारखा एक डोंगा होता आणि तो चालवणाऱ्याचा एक पोरगा, नववी-दहावीतला. एका संध्याकाळी बाप घरी तापानं पडलेला, पोरगा एकटा डोंग्याशी. नदीला पाणी चढलेलं, वर धुकं. पलीकडून हाक आली. पोरगा थांबला, त्याला शिकवलेलं होतं. दुसरी हाक आली, तो थांबला. तिसरी आलीच नाही. पोरगा डोंगा बांधून घरी गेला. गोष्ट संपली.

"पुढं काय झालं सर?" पोरं विचारतात. "पुढं काही नाही," सर म्हणतात. "तेच तं."

मग कोणीतरी डोंग्यावरचा पोरगा होऊन खुर्चीवर बसतं. एरवी सर प्रश्न विचारत नाहीत, या गोष्टीला मात्र शेवटी एकच विचारतात. "हाक कोनाची होती?" कोणी म्हणतं भुताची, कोणी म्हणतं चोराची, कोणी म्हणतं हाक नव्हतीच, पक्षी होता. सर "बरं" म्हणतात आणि पाणी पाजतात. मी इतकी वर्षं हे "बरं" भिंतीपलीकडून ऐकत आले, आणि मास्तर लोकांना एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायची खोड असते असं समजून सोडून देत आले.

गेल्या हिवाळ्यात खुर्चीवर काजल बसली. देवराम शहारे यांची पोरगी, एकोडीच्या रस्त्यावर त्यांचं शेत आहे. बारीक अंगाची, फारसं न बोलणारी. सरांनी विचारलं, "हाक कोनाची होती?"

काजल म्हणाली, "मले काय माहीत? पाहाले गेलोच नाही ना मी."

भिंतीपलीकडून "बरं" आलं नाही. मी खडू खाली ठेवला आणि दारातून डोकावले. सर फळ्याला टेकून उभे होते. माठाकडे त्यांचं लक्ष नव्हतं. मग ते "ओ" म्हणाले, अगदी हळू, आणि वर्गातून बाहेर पडून बोडीच्या दिशेनं चालू लागले. शाळा सुटल्याची घंटा झाली. पोरं दप्तरं उचलून पळाली. काजल खुर्चीवरून उतरली आणि तीही गेली. तिला कोणी नाव विचारलं नाही, कोणी पाणी दिलं नाही.

त्याच संध्याकाळी काजलच्या घरामागून हाक आली. तिची आई मंदाताई चुलीपाशी होती, तिनंही ऐकली. लांबून, धानाच्या बांध्यांच्या पलीकडून, बाईची की पुरुषाची ते कळेना. मंदाताईंनी तोंडावर बोट ठेवलं. काजल उठली, मोबाइलचा टॉर्च लावला, "ओ!" म्हणाली आणि मागच्या दारानं बाहेर गेली. आई हाका मारत राहिली. पोरगी धुक्यात शिरली, आणि तिचा उजेड आधी पिवळा झाला, मग दिसेना. बऱ्याच वेळानं परत आली, पाय चिखलात भरलेले. हातपाय धुतले, जेवली, झोपली. आई रात्रभर तिच्या तोंडाकडे बघत बसली.

दुसऱ्या दिवशी गावात जो तो हेच बोलत होता. पोरीला खुर्चीवर बसवलं, उतरवलंच नाही. जे अंगात घेतलं ते घेऊनच ती घरी गेली. बळीराम मला म्हणाला, "मॅडम, मी त्या खुर्चीखाली काहून झाडत नाही, पाहा आता." मी विज्ञानाची शिक्षिका, मी त्याला हसायला हवं होतं. पण त्या दिवशी नववीवर तास घेताना मी खुर्चीकडे पाठ केली नाही.

शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर नववीच्याच वर्गात बैठक बसली. मुख्याध्यापक, शाळा समितीचे हेमराजभाऊ, देवराम आणि मंदाताई, काजल, कापगते सर आणि मी. हेमराजभाऊंचं किराणा दुकान आहे, ते आपला छोटा हत्ती टेम्पो घेऊनच आले होते, खुर्ची उचलून न्यायला. "सर, तुमी पोराईले पुस्तक शिकवा ना," ते म्हणाले. "हे बसवनं-उतरवनं आजपासून बंद. नाही तं मले वरपर्यंत कळवा लागंल."

मी सरांना इतकं लहान झालेलं कधी पाहिलं नव्हतं. त्या खुर्चीशिवाय सर म्हणजे काय उरणार होते, ते मला माहीत होतं. दोन खोल्या आणि एक उघडं दार.

मंदाताई मात्र भांडायला आल्याच नव्हत्या. त्यांचे डोळे सुजले होते. "सर, मले बाकी काही नाही पायजे," त्या म्हणाल्या. "पोरगी घरी आली ते पोरगी नाही वाटत. गप्पच राह्यते. तुमी चुकले ना त्या दिवशी? तं आता तिले नाव इचारा, पानी पाजा, अन् माही पोरगी मले वापस द्या."

सर उठले. त्यांनी माठातून पेला भरला. "कोन तू?"

"काजल मंदा देवराम शहारे," ती स्वच्छ आवाजात म्हणाली आणि घटाघटा पाणी प्यायली. मंदाताईंनी पदर तोंडाला लावला. पण काजल जागची हलली नाही.

"आई, मी त्याच दिवशी उतरली होती," ती म्हणाली. "मनातल्या मनात नाव घेतलं अन् नळावर पानी पेली. बाहेर गेली ते मीच गेली." मग ती सरांकडे वळली. "सर, तुमी सगळ्याईले बसवता. तुमी कधी नाही बसले?"

हेमराजभाऊ काहीतरी म्हणायला लागले, तेवढ्यात सरांनी चपला काढल्या. होती एकच, तीही एका पायात. ते हळूहळू गेले आणि त्या नाटकातल्या खुर्चीवर बसले. सिंहांच्या तोंडांवर हात ठेवले. खुर्ची करकरली. बाहेर चांगलं ऊन पडलं होतं, तरी वर्गात मला गार वाटत होतं.

"कोन तू?" काजलनं विचारलं.

"डोंग्यावरचा पोरगा," सर म्हणाले. तो त्यांचा आवाज नव्हता. कोवळा होता.

"काहून नाही गेलास?"

"भेव लागला. नाव घेऊन हाक आली ना. घरच्या नावानं. लहानूऽऽ म्हून." सर समोर बघत होते, आमच्यातून आरपार. "गावातलं सारं अलीकडच होतं. पलीकडं मले त्या नावानं वळखनारं कोनीच नव्हतं. म्हून वाटलं, मानूस नाही हे. डोंग्याची दोरी हातात होती. अर्धी सोडली होती मी. तिसरी आली असती तं गेलो असतो. वाट पायली. नाही आली."

"मग?"

"मंग सकाळी पलीकडं गेलो. दुसऱ्या दिवशी गेलो. गावोगाव इचारलं, तुमचं कोनी हरपलं का? नाही म्हनत. कोनी हरपलं नाही, कोनी सापडलं नाही. कधी डोंग्यात बसून माहं नाव आयकलेला फिरस्ता असंल कोनी, तं त्याचं कोन सांगंल?" त्यांनी मान खाली घातली. "कोन होतं ते मले अजून माहीत नाही. रोज येते हाक. मी ओ देतो. पन ते तं तवाची हाक होये ना. आता ओ देऊन काय होते?"

इतकी वर्षं प्रत्येक नववीला एकदा त्यांनी तो प्रश्न विचारला होता, कोणीतरी पोर आपल्याला उत्तर देईल म्हणून. आणि मी भिंतीपलीकडे खडू मोजत बसले होते. मला रडू आलं, ते मी लपवलंही नाही.

काजल खुर्चीच्या अगदी जवळ गेली. "सर, मी गेली होती," ती म्हणाली. "त्या हाकंवर. बांध्यापर्यंत गेली. कोनीच नव्हतं. चिखल होता, धुकं होतं. मी तीन हाका दिल्या. कोनी आवाज नाही दिला. म्हून वापस आली."

"भेव लागला?"

"लई लागला. पन मंग घरी येऊन झोप लागली."

सरांनी तिच्याकडे पाहिलं. ऐकलेलं त्यांच्या आत उतरायला वेळ लागत होता, एवढंच मला दिसलं.

"आता खरं सांगा," काजल म्हणाली, आणि तिचा आवाज हुबेहूब सरांसारखा झाला. "कोन तू?"

सरांनी सिंहांच्या तोंडांवरचे हात काढून मांडीवर घेतले. तिनं पुन्हा विचारलं. मग तिसऱ्यांदा.

"देविदास," सर म्हणाले. "देविदास सुभद्रा मारोती कापगते."

माठाकडे कोण गेलं, ते मी सांगते. तक्रार घेऊन आलेल्या मंदाताई गेल्या. पेला भरून त्यांनी सरांच्या हातात दिला, आणि तान्ह्या लेकराला पाजताना धरतात तसा खालून हात धरला. सर सगळं पाणी प्यायले. "जा सर," मंदाताई म्हणाल्या. "घरी जा आता."

हेमराजभाऊंनी टेम्पोची चावी खिशात टाकली आणि बळीरामला चहा सांगितला. खुर्ची जिथल्या तिथे राहिली.

सोमवारी मला रजेच्या अर्जावर बदली तास घेणारे म्हणून सरांची सही हवी होती. व्हरांड्याच्या या टोकावरून मी आवाज दिला, "कापगते सर!" चप्पल फटफटत येण्याची वाट पाहिली. कोणी आलं नाही. मी पुन्हा जोरात ओरडले, "सर!"

आणि नववीच्या वर्गातून एकसाथ उत्तर आलं, "ओ! आलो!" बाकांचा खडखडाट झाला, पोरं दारात गोळा झाली, सगळ्यात पुढे नितेश आणि काजल. "काय मॅडम? कोनाले बलावता?"

मी त्यांच्या डोक्यांवरून आत पाहिलं. सर फळ्यापाशी एका साध्या स्टुलावर बसून केळं सोलत होते. दोन्ही पायांत चपला होत्या.

"पोरं देतात ना आता ओ," सर म्हणाले. "मी जराक बसतो, मॅडम."